विमानतळावरचा मुराळी

माझा धंदा काय, असं कोणी विचारलं आणि मी सांगितलं की लोकांना आधी हसू येतं. एक विमान उतरलं आणि दुसरं सुटायला सहा-आठ तास आहेत, अशा प्रवाशांना मी मधल्या वेळात मुंबई दाखवते. गाडी माझी, चालवणार मी, बोलणारही मी. राहते मात्र कर्जतला, भिसेगावात. मुंबई दाखवणारी बाई मुंबईत राहत नाही हे कळलं की पाहुणे थोडे हिरमुसतात. मग मी त्यांना सांगते की जे मुंबईत राहतात त्यांनी शेवटचा गेटवे कधी पाहिला ते त्यांनाही आठवत नसतं. हे त्यांना पटतं, कारण त्यांच्या गावातही तेच असतं.

या कामाला फार अक्कल लागत नाही. कमी दाखवायची हिंमत लागते. पाहुणा फोनमध्ये बारा जागांची यादी घेऊन उतरतो. मी त्यातल्या दोन ठेवते आणि दहा जागांवर काट मारते. तो कुरकुरतो, मी ऐकून घेते. कुठेतरी बाकावर बसवून त्याला चहा पाजते. घरी गेल्यावर त्याला तो बाक आठवतो, असं ते लोक मला नंतर लिहून कळवतात. शिवाय एक लबाडी आहे. विमानतळावर परतायची वेळ मी प्रत्येकाला एक तास आधीची सांगते. तो जादा तास माझ्या पोटात असतो, पाहुण्याला त्याचा पत्ता नसतो. माझ्या पाहुण्याचं विमान आजवर चुकलेलं नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

पाहुण्यांच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हाही माझा नियम होता. होता म्हणते, कारण एकदा तो मोडला. ते दिवस शेतातले वाल काढायचे होते, म्हणजे थंडी सरत आलेली.

परदेशी राहणाऱ्या एका मुलाने मला लिहिलं. आई नागपूरहून सकाळी मुंबईत उतरेल, संध्याकाळी सव्वासहाच्या विमानाने आमच्याकडे यायला निघेल. मध्ये तिला शहर दाखवा. ती नको म्हणेल, तरी दाखवा. सोबत तिकीट जोडलेलं होतं. जायचं होतं, यायचं नव्हतं. वेळा बघताना तेवढं माझ्या नजरेला पडलं आणि मी ते सोडून दिलं. लोक कायमचे जातात, मधल्या वेळात चहा पितात, माझा संबंध चहापुरता.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली मुलाने धाडलेले पांढरेशुभ्र बूट. ते बूट त्यांना अजिबात आवडलेले नव्हते, कारण गाडीत बसल्याबसल्या त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले. नागपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मोठं सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार होतं, हातात चाकांची एक छोटी बॅग. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, त्या मला बाई म्हणायला लागल्या.

मी त्यांना मरीन ड्राइव्हला नेलं. त्यांनी समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोठा आहे."

एवढंच. मी कठड्यावर बसवून चहा दिला. चहा चांगला होता म्हणाल्या. पुढे काय बघायचं विचारलं तर "तुमची मर्जी" म्हणाल्या. असे पाहुणे मला अवघड जातात. यादीवाल्याशी भांडता तरी येतं.

मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

"कर्जतला."

कप खाली ठेवून त्या जराशा सरळ बसल्या. "म्हणजे चौक गावावरून जात असाल."

"रोजचंच आहे."

"चौकाच्या पुढे, कर्जतच्या रस्त्याला, डाव्या हाताला एक फाटा लागतो. चिंचेचं झाड आहे. अजून आहे का?"

"आहे."

"तिथून आत माझं माहेर."

मी घड्याळ बघितलं. सव्वादहा होत होते. समुद्रावरच्या नव्या पुलाने गेलं तर बाराच्या आत तिथे पोचता येत होतं. मी म्हणाले, "जायचं का?"

"छे. मी जात नाही तिकडे. चौदा वर्षं झाली. आणायला कोणी आल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवलंय." त्यांनी कप पुन्हा उचलला. समुद्र जसा होता तसाच होता. मग त्या म्हणाल्या, "पण गाडी त्या रस्त्याने गेली तर मी काय करणार? मी काही चालवत नाही."

मी गाडी काढली. मात्र बजावून सांगितलं की तीनला विमानतळावर परत पोचायचं, म्हणजे एकला तिथून निघायचं, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. "मला उतरायचंच नाही," त्या म्हणाल्या. "काचेतून बघेन आणि परत फिरू."

पुलावर त्यांनी सगळं सांगितलं. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. त्यांचा भाऊ, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा, लग्नानंतर दर वर्षी मुराळी म्हणून नागपूरला यायचा. रात्रभर आगगाडीत बसून यायचा, एक दिवस राहायचा आणि यांची ट्रंक खांद्यावर टाकून घेऊन जायचा. नोकरी लागली, मुलगा मोठा झाला, तरी तो यायचा. गावात कुणी म्हणालं की ती शिकलेली आहे, येईल की एकटी, तर म्हणायचा, एकटी आली तर ती आली कशी म्हणायची? मग चौदा वर्षांपूर्वी त्याने पोराचं लग्न काढलं आणि बोलावणं फोनवर केलं. घाईत होता, टेंपोचा धंदा, मांडवाचं काम, सगळं खरं. पण फोनवर! त्या लग्नाला गेल्या नाहीत. तो म्हणाला, भाच्याच्या लग्नाला जिला येववलं नाही तिला आणायला आता मी कशाला जाऊ. या म्हणाल्या, आणायला आल्याशिवाय मी कशाला येऊ.

"फोनवर बोलत होतात की नाही?"

"बोलतो ना. सणावाराला बोलतो. पाऊस किती झाला, गुडघा कसा आहे, सगळं बोलतो." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "येण्याजाण्याचं तेवढं काढत नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. मी लग्न केलं नाही. जन्मले त्याच घरात राहते, दोन गल्ल्या पलीकडे भाऊ राहतो. मला आणायला यायची वेळ कोणावर आली नाही, कारण मी कुठे गेलेच नाही. कोणीतरी आलं नाही म्हणून चौदा वर्षं रुसून बसायचं, तर आधी कोणीतरी येत असावं लागतं.

पनवेल मागे पडलं तशी त्यांची भाषा बदलायला लागली. सकाळी मला "नाही" म्हणणारी बाई चौक येईपर्यंत "नाय" म्हणायला लागली होती. त्यांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं आणि मीही आणून दिलं नाही.

बाराला दहा कमी असताना मी चिंचेखाली गाडी उभी केली. तिथून वस्ती दिसते. शंभर-सव्वाशे पावलांवर पहिलंच घर त्यांचं, पलीकडे विहार, त्यावर निळा झेंडा. अंगणात वाल वाळत घातलेले. त्यांनी काच खाली केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. घराला रंग नवा दिलाय, म्हणाल्या. पूर्वी पन्हळी पत्रा होता, आता स्लॅब आहे, म्हणाल्या. टेंपो दिसत नाही, म्हणजे तो घरी नाही, असंही म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटलं की वाईट हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं नाही.

गावात गाडी थांबली आणि आतून कोणी उतरलं नाही तर कोणीतरी बघायला येतंच. वाल उलटेपालटे करणारी एक म्हातारी हातातलं सूप तसंच घेऊन रस्त्याकडे आली. खिडकीशी वाकली आणि तिने सूप खाली टाकलं.

"अगं बया! वन्सं! तुमी हितं?"

ती मावशींची भावजय होती. मावशी काहीतरी सांगायला गेल्या, की सहज जात होते, बाई कर्जतच्या आहेत, रस्त्यातच होतं. भावजय ऐकतच नव्हती.

"आन् ते तिकडं गेलंत की!"

"कुठं?"

"तुमाला आनाया. इमानतळाव. पहाटंच टेंपो घिऊन गेलंत. तुमच्या पोरानं फोन केलता, आई सकाळी उतरनार म्हनून. रातभर जागंच हुतं. पहाटं उठून मला म्हनाले, जातो गं, तिला घिऊन येतो. मी म्हनलं, आवं ती पल्याड जानारी हाय, तिला येळ कुठं? तर म्हनाले, आठ-नऊ तास हायत मधी. येवढ्यात जेवून जाईल."

माझ्या कामात दोन गाड्यांची चुकामूक नवी नाही, विमानतळाला दारं शंभर. पण चौदा वर्षं दोघं आपापल्या जागी ठाम उभी राहिली आणि एकाच सकाळी दोघांनी जागा सोडली. हा मुराळी होऊन मुंबईला गेला, ही कोणी न आणता गावाला आली. समुद्रावरच्या पुलावरून मी त्यांना आणत होते तेव्हा तो कुठल्यातरी दाराशी मान उंच करून उभा असणार.

"फोन लावा त्यांना," मी भावजयीला म्हणाले.

"फोन घरीच हाय. चार्जिंगला लावला आन् तसाच ऱ्हायला." असं म्हणून तिने कपाळावर हात मारला. "बारापत्तूर थांबन म्हनलेत. नाय दिसली तर मागारी येतो."

मग ती मावशींकडे वळली. "उतरा तरी. घरात चला. येतील ते."

आणि इथे घोडं अडलं. मावशी उतरेनात. भावजयीने दार उघडलं, हात धरला. यांनी हात सोडवला नाही, पण जागच्याही हलल्या नाहीत.

"तो मला आनायला गेलाय ना?" त्या म्हणाल्या. "मग मी अजून आलेच नाय."

"आवं, हे काय बोलनं!"

"त्यानं आनली म्हंजे आले. मी अशी आत जाऊन बसले, आन् तो रिकामा टेंपो घेऊन दारात आला, तर त्याला कसं वाटंल?"

भावजयीने धरलेला हात सोडला. मी घड्याळ बघितलं. बारापर्यंत थांबून तो निघाला तर इथे पोचायला दोन तरी वाजणार. आणि एकला मी निघणार होते. मी ते सांगितलं. मावशींनी मान हलवली. "तुमचं बरोबर आहे, बाई. एकला निघू. तोवर बसते."

भावजय घरात गेली आणि ताट घेऊन आली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कांदा. मावशींनी ताटाला हात जोडले. माहेरचं पहिलं जेवण गाडीत बसून जेवणार नाही म्हणाल्या. मग ते ताट माझ्याकडे आलं. मी बॉनेटवर ठेवून उभ्याने जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. वाल अप्रतिम झाले होते आणि मला लाज वाटत होती, दोन्ही एकदम.

साडेबारा झाले. पाऊण झाला. रस्त्यावर प्रत्येक टेंपोच्या आवाजाला त्यांची मान वळायची. कोंबड्यांचा टेंपो गेला, विटांचा गेला, मंडपाच्या सामानाचा गेला. वस्तीतल्या बायका येऊन भेटून गेल्या. कोणी गाल कुरवाळले, कोणी रडलं, खिडकीतूनच सगळं. कोणीही त्यांना म्हणालं नाही की वेडेपणा करू नको, उतर. भावजयीने एकदा सांगितलं, की तो आणायला गेलाय, आणि तेवढ्यावर सगळ्यांना समजलं. न समजणारी मी एकटीच होते.

एक वाजता मावशी स्वतः म्हणाल्या, "चला, बाई." आवाज अगदी साधा. काच वर करायला त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

मी चावी फिरवली नाही. मी म्हणाले, "मावशी, एक तास आहे अजून."

"तुम्ही तर तीनला—"

"मी सगळ्यांना खोटंच सांगते."

हे वाक्य मी आजवर कुठल्याही पाहुण्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर धंदाच बसेल. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच. विमान चुकलं नाही, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा उगाच त्याच्याच काळजीत राहायचा. त्या दिवशी काळजी विमानाची नव्हती.

दोनला दहा कमी असताना टेंपो आला. हिरवा, जुना, मागचा हौदा रिकामा. पुढच्या सीटवर मात्र घरातली चांगली चादर अंथरलेली. तो गाडीच्या पलीकडे थांबला. उतरलेला माणूस उंच, वाकलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. त्याने आधी माझी गाडी बघितली, मग खिडकीतला चेहरा.

"कवा आलीस गं, बाय?"

"आले नाय अजून," त्या म्हणाल्या. "तू आनायला गेलास ना रं, दादा? मग बसून ऱ्हायले."

त्याने डोळे पुसले नाहीत, मिठी मारली नाही. गाडीला वळसा घालून मागे आला आणि मला म्हणाला, "डिकी उघडा." मी उघडली. त्याने ती छोटी बॅग उचलली. मी म्हणाले, दादा, तिला चाकं आहेत, ओढत न्या. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बॅग खांद्यावर टाकली. मावशी उतरल्या. तो पुढे, त्या चार पावलं मागे, असे दोघं ती शंभर-सव्वाशे पावलं चालत गेले. तो एकदाही मागे वळला नाही. ती मागून येणारच, अशा चालीने चालला होता.

मी आत गेले नाही. कोणीतरी गाडीपाशी राहायला हवं होतं, निदान तसं मी स्वतःला सांगितलं. उंबऱ्याबाहेर भावजय तांब्या घेऊन उभी असलेली दिसली. ती मोठ्याने म्हणाली, "ओवाळनं आमी सोडलं, पन पायाव पानी तर घालू द्या." मावशींनी बूट काढले. पाणी पडलं. मग त्या आत गेल्या आणि पुढचं मला दिसलं नाही. मी वेळ मोजत राहिले, दुसरं मला काय येतं. माझ्या पोटातला तास संपला होता आणि मी त्याच्या पुढची मिनिटं वापरत होते, जी कोणाचीच नव्हती.

एकोणीस मिनिटांनी ते बाहेर आले. त्याच क्रमाने, तो पुढे, त्या मागे. बॅग परत खांद्यावर, आणि तिच्यावर आता वालाचं एक गाठोडं. मावशींचे पाय अनवाणी, ओले, मातीने भरलेले, बूट हातात. त्या मागे न बसता माझ्या शेजारी पुढे बसल्या. मी पट्टा लावून दिला तेव्हा त्यांच्या तोंडाला भाकरीचा आणि वालाचा वास येत होता.

त्याने बॅग डिकीत ठेवली. वरचं गाठोडं दोनदा सरळ केलं. मग मावशींच्या बाजूला न जाता माझ्या खिडकीशी आला. बहिणीचं परतीचं तिकीट नाही, हे त्याला माहीत असणार. आत एकोणीस मिनिटांत बोललं गेलं नसेल तर भाच्याने फोनवर सांगितलं असेल. मला तरी ते ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"बाई, तुमाला त्या इमानतळाची म्हायती हाय," तो म्हणाला. "एक सांगा. मी सकाळी परदेशाच्या दाराशी उभा हुतो. ती परदेशी जानार, म्हनून मला वाटलं ती तिथनंच भाईर येल. पाच वाजल्यापासून हुतो. तिथं समदी गोरी मानसं निघाली, ही नाय. पुढल्या खेपेला कुठल्या दाराशी उभं ऱ्हायचं, ते नीट सांगून ठेवा."

शेजारी मावशी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात काय म्हणत होता ते मला कळलं नाही, सांगा की सांगू नका.

"पुढच्या वेळी त्या परदेशातून येतील," मी म्हणाले. "आज होतात ना उभे, तेच दार."

"तेच?"

"तेच."

त्याला बरं वाटलं. गाडीच्या टपावर त्याने हलकीच थाप मारली.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "म्हंजी दार नाय चुकलं माझं."